समईच्या तेलावरची साय

धूळ आधी आत्याला दिसली. सकाळची पूजा आटपून ती मागच्या पडवीत आली आणि समई माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे बघ गो, तेलावर साय धरलीय."

तेलावर कसली साय, म्हणत मी समई दारातल्या उजेडात नेली. खरंच होती. पातळ, पिवळसर, हळदीवर कुणी फुंकर मारावी आणि ती अलगद येऊन बसावी तशी. करंगळीने उचलली तर तेलात मिसळून नाहीशी झाली. बोट अंगठ्यावर घोळवलं तेव्हा अगदी बारीक खरखर लागली. रंगावरून ओळखलं, फणस होता तो.

आदले दोन दिवस मी गोठ्यात फणसाच्या फळ्या पॉलिशपेपरने घासत होते. गोठा आणि देवघर यांच्यामध्ये मागची पडवी, स्वयंपाकघर, माजघर एवढं सगळं येतं. दोन एचपीचं डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून कापडी पिशवीत गाळणारं यंत्र, पूर्ण वेळ चालू होतं. काम संपल्यावर मी झाडलं होतं, ओल्या फडक्याने टेबल पुसलं होतं आणि गोठा स्वच्छ झाला या समाधानात जेवायला बसले होते. आत्या एवढंच म्हणाली, "झाडतेस तू गोठा, धूळ बसते माझ्या देवांवर."

आंजर्ल्याच्या आमच्या घरातली गुरं जाऊन बरीच वर्षं झाली. गोठा रिकामाच होता, जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, खाली कोबा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते धडकलं अलिबागच्या दक्षिणेला, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने, पण दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यालाही त्याने सोडलं नाही. आमच्या आगरातल्या पोफळी मधोमध मोडल्या, माड आडवे झाले, आणि विहिरीजवळचा आजोबांनी लावलेला कापा फणस मुळासकट उलटला. पुढचे कितीतरी दिवस आत्या त्या बाजूला गेलीच नाही. पण त्याचं सरपण करायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दापोलीला सॉ मिलवर नेऊन त्याच्या दोन-दोन इंची फळ्या पाडून घेतल्या, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचल्या आणि दोन पावसाळे सुकू दिल्या. ते लाकूड कुणाच्या हवाली करायला मन धजेना, म्हणून मीच सुतारकाम शिकायला बसले. वाडीतले मेस्त्री शिकवायला येऊ लागले, आणि गोठ्यात एकेक यंत्र आलं.

ताजं कापलेलं फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं, वर्षं जातील तसं तांबूस होत जातं. त्याच्या गाभ्यात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं. आग्नेय आशियातले बौद्ध भिक्षू याच गाभ्याचे तुकडे आणि भुसा उकळून चीवरं रंगवत आले आहेत. तोच रंग आमच्या समईत उतरला होता. सागाचं काम असतं तर ती धूळ तेलात पडूनही कुणाच्या नजरेला आली नसती. फणस होता म्हणून चोरी पकडली गेली.

मेस्त्रींनी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. रोज सकाळी त्यांना चांगला अर्धा तास खोकला येतो. ते त्याला खोकला म्हणत नाहीत, "छाती मोकळी करतो" म्हणतात. सागाचं किंवा शिसवीचं काम असलं की नाकावर पंचा बांधतात, कारण त्या भुशाने अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. किडी-बुरशीपासून स्वतःला राखायला झाडाने साठवलेली द्रव्यं असतात ती, आपल्या कातडीलाही झोंबतात. फणसाला मात्र ते पंचा बांधत नाहीत. "भुसा नाकात अडतो ताई, शिंक आली की बाहेर," असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नाही. फक्त ते दिसणाऱ्या भुशाबद्दल बोलत असतात.

आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंध्याचे छिलके आणि करवतीचा भुसा याहून कितीतरी मोठे. ते उडतात आणि पायाशी पडतात. १० मायक्रॉनच्या खालचे कण घशाच्या पुढे उतरतात, आणि ४-५ मायक्रॉनच्या खालचे फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. उन्हाच्या तिरिपेत चमकले तर चमकले, एरवी ते दिसत नाहीत, आणि लवकर खालीही बसत नाहीत. अजिबात वारा नसलेल्या खोलीत १० मायक्रॉनच्या कणाला दोन मीटर खाली यायला १०-११ मिनिटं लागतात, १ मायक्रॉनच्या कणाला १५ तासांहून जास्त. म्हणजे मी संध्याकाळी घासलेला फणस दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या फुलं वाहत असतानाही घरात तरंगत होता.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या आसपासच्या फर्निचर कामगारांना नाकाच्या आतला एक दुर्मीळ कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतोय, हे तिथल्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पुराव्याने ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे पलीकडच्या घरातून मेस्त्रींची छाती मोकळी होताना ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्रासमोर स्टूल टाकून बसले. आमच्या गोठ्याच्या छपरात एक काचेचं कौल आहे. साडेबाराच्या सुमाराला त्यातून उन्हाची तिरीप बरोबर कापडी पिशवीवर पडते. बटण दाबलं. पिशवी धप्पकन फुगली, आणि तिच्या विणीतून सगळ्या अंगाने धूर निघाला. ओल्या लाकडाच्या चुलीतून निघतो तसा, फक्त पिवळा. तिरिपेच्या बाहेर गेला की तो दिसेनासा व्हायचा. एक वर्ष मी त्या यंत्राशेजारी उभी राहून काम करत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

विकणाऱ्याने ती पिशवी ३० मायक्रॉनची असल्याचं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ३० मायक्रॉनची पिशवी म्हणजे जे आपसूक खाली पडणार होतं ते धरून ठेवायचं, आणि ज्याची खरी भीती ते पंख्याच्या जोराने घरभर पसरायचं. यंत्र नसतं तर ती बारीक धूळ निदान इतक्या लांब गेली नसती.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हवा बाहेर सोडून देणं. ज्यांच्या गोठ्या-गॅरेजमागे मोकळी जागा आहे त्यांनी तेच करावं, पुढचं काही वाचायचीसुद्धा गरज नाही. आमच्याकडे गोठ्याच्या बाहेर खळं आहे. मे महिन्यात तिथे आंब्याची साटं, फणसपोळी, आमसुलं, सगळी आगोटीची बेगमी वाळत असते. मी एक दिवस पाइप बाहेर काढला. संध्याकाळी आत्याने ताटं न बोलता उचलून आत नेली, आणि मी पाइप परत आत घेतला.

मग बारीक विणीची फेल्टची पिशवी मागवली, १ मायक्रॉनची म्हणून. पहिली दहा मिनिटं तिरिपेत काही दिसेना. मी मेस्त्रींना हाक मारून दाखवलं. विसाव्या मिनिटाला टेबल सॉखालचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीखालचा, भुसा जागचा हलेना, पिशवी ढोलासारखी ताणली, आणि पट्टा सुटून ती वर उडाली. दोघंही नखशिखान्त पिवळे झालो. मेस्त्रींना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. त्यांना खळ्यात नेऊन बसवलं, पाणी दिलं, पाठ चोळली. डोळ्यांतून पाणी काढत ते मलाच समजावत होते, "काय नाय ताई, होतं असं." ते वाक्य माझ्या अजून कानात आहे.

काय चुकलं ते मला आत्याच्या हाताकडे बघताना कळलं. ती सोलकढीसाठी नारळाचा रस काढत होती. ती कधी छोट्या फडक्यातून रस गाळत नाही, मोठा पंचा घेते. आणि आधी मुठीने पिळून चोथा बाजूला काढते, मगच रस पंच्यात ओतते. चोथ्यासकट ओतला तर कापड तुंबतं आणि रस थेंब-थेंब पडतो. माझ्या पिशवीचं नेमकं तेच झालं होतं. पिशवी २० इंच व्यासाची, अडीच फूट उंच, कापड जेमतेम दीड चौरस मीटर. त्यातून मिनिटाला ८०० घनफूट हवा रेटायची, आणि तीही चोथ्यासकट. गाळणं बारीक करायचं तर आधी ते मोठं करावं लागतं, आणि त्याच्याही आधी चोथा काढावा लागतो.

मोठं गाळणं म्हणजे घड्यांचं कार्ट्रिज फिल्टर. कारखान्यांत वापरतात ते. उंची दोन फुटांच्या थोडी वर, व्यास सव्वा फुटाच्या आत, पण आत दहा चौरस मीटर कापड. नऊवारीच्या निऱ्या वीतभर जागेत मावतात ना, तसं. तीच हवा सातपट कापडातून गेली म्हणजे तिचा वेग सातव्या भागावर येतो, कण कापडात घुसत नाहीत, वर थर होऊन बसतात आणि झटकले की पडतात. कागदाच्या घड्यांचं फिल्टर स्वस्त मिळत होतं. पण आपल्याकडे जुलैत पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात, तिथे कागद काय टिकणार! मी पॉलिस्टरचं घेतलं, ते धुतासुद्धा येतं.

चोथा काढायला सायक्लोन लागतो. वरून गोल नळकांडं, खाली निमुळतं होत जाणारं नरसाळं. हवा कडेने तिरकी आत शिरते, भिंतीला घासत गरगरत खाली उतरते, जड भुसा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन भिंतीवरून घरंगळत पिंपात पडतो आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. जुन्या लाकूड गिरण्यांच्या छपरांवर असायची ती उलट्या शंकूसारखी धूड, तीच ही. अशाच एका गिरणीवरचा सायक्लोन बघून जेम्स डायसनला पिशवीशिवाय चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली, आणि ती जमेपर्यंत त्याने ५,१२७ नमुने केले. त्या मानाने आमचं काम सोपं, मापं ठरलेली आहेत. नळकांड्याचा व्यास जितका, त्याच्या दुप्पट त्याची उंची, आणि तेवढीच खालच्या नरसाळ्याची. आम्ही १८ इंच व्यास धरला, म्हणजे तीन फूट अधिक तीन फूट. गोठ्याच्या आढ्याखाली पिंपासकट बरोबर बसला.

तो केला दापोलीतल्या पत्र्याच्या कारागिराने. पावसाळ्यापूर्वी पन्हळी करून देतो तो. त्याला नाव सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. "सायक्लोन? ते येऊन गेलं की, ताई." त्याचंही छप्पर निसर्गमध्ये गेलं होतं. मी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा म्हणाला, हे तर नरसाळं. चार दिवसांत केलं. आतली शिवण इतकी साफ होती की हात फिरवला तरी कुठे अडखळत नव्हता. आतून गुळगुळीत हवं, हे मी न सांगताच त्याला कळलं होतं. पन्हळीत पान अडकू नये ही काळजी तो आयुष्यभर घेत आलाय.

वादळाने पाडलेल्या फणसाचा भुसा आता त्या पत्र्याच्या वादळात फिरतो. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मेस्त्री पत्र्याला कान लावून उभे राहिले. आत वाळू फिरावी तसा आवाज येत होता.

पण पिंपात काही पडेना. सगळा भुसा वर फिल्टरकडे. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी मेस्त्रींनी उदबत्ती लावून पिंपाच्या झाकणाभोवती फिरवली, आणि एका जागी धूर झपकन आत ओढला गेला. तिथून हवा शिरत होती आणि पडलेला भुसा पुन्हा वर उचलत होती. सायकलची जुनी ट्यूब चिरून झाकणाला बसवली. त्या महिन्यात दोन पिंपं भरून भुसा निघाला, आणि फिल्टरच्या तळाशी वाटीभर पीठ. ते पीठ चिमटीत धरलं तर टाल्कम पावडरसारखं लागतं. आत्याच्या समईत गेलेलं ते हेच.

पाइपही बदलावे लागले. भुसा वाटेत न बसता वाहत राहावा म्हणून हवेचा वेग मिनिटाला ४,००० फूट तरी लागतो. त्या वेगाने चार इंची पाइपातून मिनिटाला ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीतून ७८५. दोन इंचांचा फरक, आणि हवा सव्वादोन पट. वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप दिसायला सोयीचा, पण तो ओढ खातो, म्हणून फक्त यंत्राशी जोडायला हातभर ठेवला. बाकी सगळा गुळगुळीत पीव्हीसी.

मला बरेच जण हेपा फिल्टर लाव म्हणतात. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरणारं ते फिल्टर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुसंशोधनासाठी तयार झालं. ०.३ हाच आकडा का, तर मोठे कण धाग्यावर आदळून अडकतात, अगदी सूक्ष्म कण सैरावैरा भरकटत धाग्याला चिकटतात, आणि मधलेच तेवढे निसटायला बघतात, म्हणून कस त्यांच्यावर लावतात. वस्तू उत्तमच आहे. पण करवतीच्या पात्यापाशी धूळ ओढलीच गेली नाही, तर गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला कितीही चांगलं गाळणं ठेवून काय उपयोग? माझ्या मते पैसे आधी पाइपावर आणि यंत्रांच्या तोंडांवर घालावेत.

फिल्टर किती तुंबलं हे कळायला मी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकली, एक टोक फिल्टरच्या आधीच्या डब्याला जोडलं, दुसरं मोकळं. आत रंगीत पाणी हवं होतं, नाहीतर लांबून दिसत नाही. आत्याने कोकमाचं आगळ आणून ओतलं. खारवलेलं असल्यामुळे ते नासतही नाही. फिल्टर स्वच्छ असलं की दोन बाजूंच्या पातळीत अर्ध्या इंचाचा फरक असतो, दीड इंचावर गेला की मी कार्ट्रिज काढते आणि खळ्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, कॉम्प्रेसरने आतून बाहेर फुंकते. मास्क लावून. मेस्त्रींनाही आता मास्क दिलाय. पंच्याची वीण डोळ्यांना दिसते, तिथे बारीक धुळीची काय कथा!

पावसाळ्यात पिंप रोज संध्याकाळी रिकामं करावंच लागतं. ओलसर भुशाला दोन दिवसांत बुरशी धरते आणि ती धूळही छातीला वाईट. भुसा आत्या घेऊन जाते. तिने माळ्यावरची भुशाची शेगडी खाली काढलीय. मध्ये बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली गोल फिरवत हलकेच वर काढायची आणि मधल्या भोकात खालून जाळ द्यायचा. दोन-तीन तास धग राहते, आंघोळीचं पाणी तापतं. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा मात्र मी तिला देत नाही, त्यातल्या डिंकाचा धूर घरात नको.

हवेतले कण मोजायचं छोटं यंत्रही घेतलं. जुन्या पिशवीच्या काळात वीस मिनिटं घासकाम केलं की पीएम २.५ चा, म्हणजे घनमीटर हवेतल्या अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा मायक्रोग्रॅममधला, आकडा चारशेच्या वर जायचा आणि तासाभराने दोनशेच्या खाली येत नसे. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते. आता कोरड्या दिवसांत तेवढंच काम केलं तर आकडा चाळिशीच्या आसपास राहतो, अर्ध्या तासात पूर्ववत होतो. भर पावसातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही, दमट हवेत कण फुगतात आणि यंत्र जास्त दाखवतं.

आत्याला आकडे सांगितले नाहीत. रोज सकाळी तिच्याआधी उठून समईत डोकावत होते. तेल नितळ दिसत होतं. चौदा-पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, "गोठ्यातलं काम थांबवलंस का गो? फणस संपला?" मी म्हटलं, कालच देवघराचा चौरंग घासून झालाय. तिने हातातलं वातीचं ताट खाली ठेवलं आणि चौरंग बघायला गोठ्यात आली. फणस पडल्यापासून पहिल्यांदाच तिने त्या लाकडावर हात फिरवला.

मेस्त्रींचा सकाळचा खोकला आहे तसाच आहे. चाळीस वर्षांचं एका फिल्टरने निघत नाही. मी त्यांना दापोलीला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आता पंप सुरू आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.

अजून लेथ राहिलाय. लाटणी, पोळपाटाचे पाय, वाट्या करताना लाकूड गरगरत असतं, धूळ समोर उडते आणि गोल पाइपाचं तोंड कुठेही धरलं तरी निम्मी चुकते. तिथे आकडा अजून दीडशेला जातो. परवा मेस्त्री घरून जुनं सूप घेऊन आले. बांबूचं, शेणाने सारवलेलं, कडेला वेत सुटलेला. लेथच्या मागे ते आडवं धरून उभे राहिले, थोडं तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"चालू करा ताई," म्हणाले. "आधी ह्याच्यात किती पडतं बघू. मग पत्र्याचं करू."